रिकामे न्यायासन : ‘वसंतातील नदी पूर्वेकडे वाहते’ (१९४७) ह्या चिनी बोलपटाची शैली आणि वारसा

१

चीन-जपान युद्ध १९४५ च्या ऑगस्टमध्ये संपले. त्यानंतर अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांनी, १९४७ च्या ऑक्टोबरात, शांघायच्या चित्रपटगृहांत एक बोलपट प्रदर्शित झाला. त्याचे चिनी नाव ‘यी ज्यांग छुन श्वेइ श्यांग दोंग ल्यू’. मराठीत त्याचा आशय ‘वसंतातील नदी पूर्वेकडे वाहते’ असा सांगता येईल. त्साय चूशंग (१९०६–१९६८) आणि झंग जुनली (१९११–१९६९) ह्या दोघांनी मिळून त्याचे लेखन व दिग्दर्शन केले. ‘वाताहतीची आठ वर्षे’ आणि ‘पहाटेच्या आगेमागे’ अशा दोन भागांत विभागलेला हा बोलपट तीन तासांहून अधिक लांबीचा आहे. तरीही तो शांघायमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ चालला आणि सात लाखांवर प्रेक्षकांनी तो पाहिला. त्या वेळच्या शांघायची लोकसंख्या सुमारे पन्नास लाख होती हे ध्यानात घेतले म्हणजे शहरातील दर सात माणसांमागे एकाने तो पाहिला असा हिशेब होतो.

एवढ्या मोठ्या लोकप्रियतेविषयी अभ्यासकाच्या मनात थोडा संशय निर्माण होणे स्वाभाविक आहे. परित्यक्ता पत्नी, वृद्ध सासू, अजाण मूल, मोहात सापडलेला पती आणि अखेरीस नदीत घेतलेली उडी, अशी ही सामग्री आहे. केवळ कथासार वाचणाऱ्यास हा एक अश्रुपाती कौटुंबिक बोलपट आहे, त्यापलीकडे काही नाही, असे वाटेल. तो अश्रुपाती आहे हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. हे अश्रू कशासाठी योजिले आहेत, आणि ते वाहून गेल्यावर प्रेक्षकाच्या हाती काय उरते? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट स्पष्ट होत जाते. ही कथा चिनी प्रेक्षकाच्या पूर्वपरिचयाची होती. परंतु तिच्या जुन्या रूपांत शेवटी जो न्याय मिळत असे, तो येथे जाणूनबुजून काढून घेतला आहे. न्यायासन रिकामे ठेवणे हेच ह्या बोलपटाच्या रचनेचे मर्म होय.

२

कथेचा प्रारंभ १९३१ च्या शांघायमध्ये होतो. त्या वर्षीच्या १८ सप्टेंबरला जपानी सैन्याने मुकदेन येथे आक्रमणास सुरुवात केली होती आणि मांचुरिया हातचा जात होता. झांग झोंगल्यांग हा एका सूतगिरणीतील कामगारांच्या रात्रशाळेत शिक्षक आहे आणि सूफन ही त्याच गिरणीतील कामगार तरुणी त्याची विद्यार्थिनी आहे. ऑक्टोबरच्या दहा तारखेस, म्हणजे चिनी प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय दिनी, गिरणीत करमणुकीचा कार्यक्रम होतो. तेथे झोंगल्यांग ईशान्येकडील स्वयंसैनिकांसाठी निधी देण्याचे आवाहन करतो आणि जपान्यांच्या रोषास भिणारा गिरणीचा व्यवस्थापक त्याची कानउघाडणी करतो. पुढे झोंगल्यांग व सूफन यांचा विवाह होतो. युद्धाच्या तोंडावर जन्मलेल्या मुलाचे नाव ते कांगशंग ठेवतात. त्यातील ‘कांग’ ह्या अक्षराचा अर्थ प्रतिकार असा आहे.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये युद्ध शांघायला येऊन भिडते. झोंगल्यांग जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या पथकाबरोबर निघून जातो. सूफन सासू व मूल यांना घेऊन सासरच्या खेड्यात आश्रय घेते. तेथे जपानी लष्कर शेतकऱ्यांचे धान्य ओढून नेते. गावकऱ्यांची कैफियत मांडणाऱ्या वृद्ध सासऱ्याला फाशी देण्यात येते. धाकटा दीर झोंगमिन गनिमी तुकडीत सामील होतो. सूफन पुन्हा शांघायला येऊन निर्वासितांच्या आश्रयस्थानात कष्ट करीत दिवस काढते. इकडे झोंगल्यांग शत्रूच्या हाती सापडतो, निसटतो आणि हालअपेष्टा सोशीत युद्धकालीन राजधानी चुंगकिंग येथे पोहोचतो. तेथे त्याला काम मिळत नाही. शेवटी वांग लीझन ह्या पूर्वपरिचित, धनिकवर्तुळात वावरणाऱ्या स्त्रीच्या आधाराने तो पांग हावगोंग ह्या उद्योगपतीच्या पेढीत शिरतो. हळूहळू त्याच्या अंगी तेथील रंग चढतो आणि अखेर तो लीझनशी विवाह करतो.

दुसऱ्या भागात विजयानंतरचे शांघाय आहे. झोंगल्यांग तेथे विजेत्यांपैकी एक म्हणून परततो आणि हे वन्येन हिच्या घरी उतरतो. वन्येनचा पती, म्हणजे तोच जुना गिरणी-व्यवस्थापक, शत्रूशी संगनमत केल्याबद्दल तुरुंगात आहे. वन्येनशीही झोंगल्यांगचे संबंध जुळतात. उपासमारीने गांजलेली सूफन नेमकी त्याच घरी मोलकरीण म्हणून लागते. पुन्हा राष्ट्रीय दिनाची रात्र येते. घरात मद्यपानाचा समारंभ चालू आहे. पेल्यांचे तबक घेऊन पाहुण्यांतून फिरणाऱ्या सूफनला झोंगल्यांग दिसतो आणि तिच्या हातचे तबक खाली कोसळते. सासू मुलाला जाब विचारते; परंतु त्यातून काही निष्पन्न होत नाही. मुलाला ‘काकासारखा हो, बापासारखा होऊ नकोस’ अशा आशयाची शिकवण देऊन सूफन ह्वांगपू नदीत देह टाकते. नदीकाठी वृद्ध मातेच्या आक्रोशावर बोलपट संपतो.

३

प्रवासाला गेलेल्या पतीने श्रीमंतीच्या मोहाने दुसरा विवाह करावा आणि पत्नीने इकडे सासू-सासऱ्यांची सेवा करीत हालांत दिवस काढावेत, ही कथा चिनी रंगभूमीला शतकानुशतके ठाऊक आहे. चौदाव्या शतकातील गाव मिंग याच्या ‘पीपा जी’ ह्या नाटकात त्साय बोज्ये हा विद्वान परीक्षेसाठी राजधानीस जातो आणि तेथे मंत्र्याच्या कन्येशी त्याला विवाह करावा लागतो. गावी दुष्काळ पडतो. त्याची पत्नी झाव वूनियांग स्वतः कोंडा खाऊन वृद्धांच्या मुखी भात घालते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पीपा हे तंतुवाद्य वाजवीत, भिक्षा मागत राजधानीची वाट चालते. शेवटी दुसरी पत्नीच पुढाकार घेऊन दोघांची भेट घडविते आणि कुटुंब पुन्हा एकत्र येते. त्याहूनही लोकप्रिय कथा चन शीमेय याची. हा पती पहिल्या पत्नीस ओळख देण्याचे नाकारतो. ती छिन श्यांगल्यान न्यायाधीश बाव यांच्यापुढे फिर्याद नेते, आणि राजघराण्याच्या दडपणास न जुमानता ते त्या कृतघ्न पतीस देहांताची शिक्षा देतात.

ह्या दोन कथांचे शेवट भिन्न आहेत. पहिलीत सलोखा आहे, दुसरीत दंड. परंतु दोहोंतही विश्वाची घडी अखेर नीट बसते. पत्नीचे दुःख कोणी तरी पाहते, त्याची नोंद घेते आणि त्याचे मोल चुकते करते. शांघायच्या प्रेक्षकाला सूफनच्या कथेत ही दोन्ही जुनी नाटके ऐकू आली असणार. म्हणूनच समारंभाच्या प्रसंगी तबक कोसळते, तेव्हा परंपरेने घडविलेले त्याचे मन पुढच्या पायरीची वाट पाहू लागते. आता एक तर दुसऱ्या पत्नीचे मन द्रवेल, नाही तर कोणी तरी न्यायाधीश उभा राहील. येथे ह्यांपैकी काहीच घडत नाही. लीझनचे मन द्रवत नाही. ती आकांडतांडव करते आणि त्याच्यापुढे झोंगल्यांग मान खाली घालतो. न्यायाधीशाची भूमिका करू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे वृद्ध माता. परंतु तिच्या हाती शब्दांखेरीज काही सत्ता नाही.

न्यायाधीश का नाही, ह्याचे उत्तर कथेबाहेरील इतिहासात मिळते. विजयानंतर चुंगकिंगहून आलेले कुओमिंतांग सरकारचे अधिकारी पूर्वी शत्रूच्या ताब्यात असलेल्या शहरांतील मालमत्ता, कारखाने व कार्यालये ‘ताब्यात घेण्याचे’ काम करू लागले. ह्या क्रियेस चिनी भाषेत ‘ज्येशोउ’ म्हणत. पहिले अक्षर बदलून, परंतु उच्चार जवळजवळ तोच ठेवून, लोक त्या शब्दाचा अर्थ ‘लुटून घेणे’ असा करू लागले. सोने, घरे, मोटारी, पैसा आणि स्त्रिया ही अधिकाऱ्यांची पाच उद्दिष्टे, अशी उपहासाची भाषा रूढ झाली. त्यातच शत्रुपक्षीय सरकारचे चलन बदलून देण्याचा दर २०० युआनास १ युआन असा ठरविण्यात आला आणि आठ वर्षे शहरात तग धरून राहिलेल्या सामान्य माणसाची शिल्लक एका फटक्यात मातीमोल झाली. ज्याने न्याय करावयाचा तोच अपहार करणारा, अशी ही स्थिती होती. झोंगल्यांग हा त्या अधिकारीवर्गाचाच प्रतिनिधी आहे. त्यामुळे सूफनने फिर्याद न्यावयाची तर ती न्यावी कोणाकडे?

‘प्रतिकारकाळातील पत्नी’ आणि ‘ताबा-काळातील पत्नी’ अशा उपाधी त्या काळी लोकांच्या तोंडी होत्या. युद्धकाळी अंतर्भागात केलेला विवाह आणि विजयानंतर मुक्त शहरात जोडलेला संबंध यांना उद्देशून त्या वापरल्या जात. बोलपटातील लीझन व वन्येन ह्या दोघी म्हणजे ह्या दोन उपाध्याच होत. मागे राहिलेल्या सूफनच्या वाट्याला अशी उपाधी येते ती केवळ शत्रूच्या ताब्यात राहिल्याची. तीन स्त्रियांच्या रूपाने युद्धाचे तीन भूप्रदेश एका पुरुषाभोवती मांडले आहेत, आणि घरगुती कथा सार्वजनिक आरोपपत्राचे काम करू लागते ती येथे.

४

ह्या आरोपपत्राची भाषा कोणती? दिग्दर्शकांचे सर्वांत लक्षणीय साधन म्हणजे समांतर संकलन. दूरदूरच्या दोन स्थळी एकाच वेळी घडणाऱ्या घटना आळीपाळीने दाखविण्याची ही पद्धत अमेरिकन आणि रशियन मूकपटांनी रूढ केली आणि शांघायच्या चित्रपटव्यवसायाने ती १९३० च्या दशकातच आत्मसात केली होती. परंतु तेथे ह्या पद्धतीचा मुख्य उपयोग उत्कंठा वाढविण्यासाठी, म्हणजे संकटात सापडलेल्यास मदत वेळेवर पोहोचेल की नाही हे दाखविण्यासाठी, होत असे. त्साय व झंग यांच्या बोलपटात कोणीही कोणाच्या मदतीस धावत नाही. दोन दृश्ये एकमेकांकडे सरकत नाहीत. ती एकमेकांसमोर ठेवलेली असतात. एकीकडे पावसात गळणारी झोपडी, दुसरीकडे दिव्यांनी झगमगणारे नृत्यगृह. एकीकडे पतीची वाट पाहणारी स्त्री, दुसरीकडे त्याच पतीच्या हातातील मद्याचा पेला.

ही रचना चिनी वाचकास अपरिचित नव्हती. अभिजात चिनी कवितेत शेजारच्या दोन ओळींत शब्दास शब्द, नामास नाम, क्रियेस क्रिया अशी तुल्यबळ मांडणी करण्याची परंपरा आहे. घराच्या दाराच्या दोन्ही बाजूंस लावावयाच्या द्विपदींतही तोच नियम पाळला जातो. दोन ओळींमध्ये संयोजक शब्द नसतो. त्यांचा संबंध वाचकाने जोडावयाचा असतो. ह्या बोलपटातील समांतर दृश्ये अशा द्विपदींसारखीच वाचता येतात. झोपडी आणि नृत्यगृह यांच्यामध्ये ‘म्हणून’ हा शब्द दिग्दर्शक उच्चारीत नाही. तो प्रेक्षकाने उच्चारावयाचा असतो, आणि तो उच्चारताच प्रेक्षक साक्षीदाराच्या जागेवरून न्यायाधीशाच्या जागेवर सरकतो.

चंद्राची योजनाही ह्याच पद्धतीची आहे. विवाहापूर्वीच्या चांदण्या रात्री झोंगल्यांग आणि सूफन यांनी एकमेकांस वचन दिलेले असते. पुढे विरहात चंद्र पुन्हा पुन्हा येतो. एकाच चंद्राकडे दोन ठिकाणांहून पाहणारी माणसे हा चिनी काव्यातील फार जुना संकेत. त्यात अंतर असूनही मने जुळलेली आहेत अशी ग्वाही असते. येथे चंद्र तोच राहतो. मात्र त्याच्याकडे पाहणारी एकच व्यक्ती उरते. संकेत जसाच्या तसा ठेवून त्यातील आश्वासन काढून घेण्याची ही रीत जुन्या कथेच्या शेवटाबाबत पाहिलेल्या रीतीशी तंतोतंत जुळते.

भारतीय रसविचाराच्या साहाय्याने ह्या परिणामाचे आणखी एक अंग स्पष्ट करता येते. पुनर्मीलनाची आशा जिवंत असलेला विरह हा विप्रलंभ शृंगाराचा विषय, आणि ती आशा समूळ नष्ट झाली म्हणजे शोक हा स्थायिभाव असलेला करुण, असा भेद आपल्या साहित्यशास्त्रात केला जातो. ‘वाताहतीची आठ वर्षे’ ह्या भागाच्या उत्तरार्धापासून ह्या दोन रसांची एक विलक्षण फारकत होते. सूफन अजून विप्रलंभात आहे, तर झोंगल्यांगचे चुंगकिंगमधील जीवन पाहिलेला प्रेक्षक केव्हाच करुणात पोहोचला आहे. तिच्या आशेचा प्रत्येक उद्गार त्याला शोकासारखा ऐकू येतो. तबक कोसळते त्या क्षणी नायिका प्रेक्षकाच्या ज्ञानाच्या पातळीवर येते, आणि तो क्षण इतका असह्य होतो तो त्यातील आकस्मिकतेमुळे नव्हे. प्रेक्षक जे ज्ञान दीर्घकाळ एकट्याने वाहत होता ते आता तिच्या माथी पडते, म्हणून तो असह्य होतो.

अभिनयाची जातही ह्या रचनेस अनुरूप आहे. बाय यांग हिने सूफनचे दुःख बहुतांशी हालचालींच्या संथपणातून आणि नजरेतून व्यक्त केले आहे. वू यिन हिची वृद्ध सासू, शू श्यूवन हिची लीझन आणि शांगग्वान युनजू हिची वन्येन ह्या भूमिका त्यामानाने ठळक रेषांनी काढलेल्या आहेत. ताव जिन याचे काम सर्वांत अवघड. आदर्शवादी शिक्षकाचे स्खलन एका झटक्यात दाखविले असते तर तो केवळ खलपुरुष झाला असता. त्याऐवजी बेकारी, अपमान, पेढीतील निरुद्योग, पहिला पेला, मग त्याची सवय, अशा लहान लहान पायऱ्यांनी तो खाली उतरतो. कोणती पायरी निर्णायक होती हे सांगणे प्रेक्षकास अवघड जाते, आणि तेच दिग्दर्शकांना अभिप्रेत असावे. झंग जुनली हा स्वतः नट होता आणि स्तानिस्लाव्स्की यांच्या अभिनयविषयक ग्रंथाच्या चिनी भाषांतरात त्याचा सहभाग होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

५

बोलपटाचे शीर्षक दक्षिण थांग राज्याचा अखेरचा अधिपती ली यू (९३७–९७८) याच्या एका सुप्रसिद्ध रचनेवरून घेतले आहे. त्याचे राज्य सुंग सम्राटाने जिंकले आणि कैदेत असता त्याने गमावलेल्या राज्याविषयी कविता लिहिल्या. त्या रचनेत दुःखाचे माप नदीच्या प्रवाहाने घेतले आहे. ली यू याची राजधानी आजच्या नानकिंग येथे होती, आणि नानकिंग १९३७ च्या डिसेंबरात जपान्यांच्या हाती पडले. शीर्षक वाचताच सुशिक्षित चिनी वाचकाच्या मनात पराभूत राजधानीची ही दुहेरी आठवण जागी झाली असल्यास नवल नाही.

परंतु ली यू याची कविता राजाने स्वतःच्या दुःखाविषयी लिहिलेली आहे. दिग्दर्शकांनी ते राजाचे दुःख गिरणीकामगार स्त्रीच्या स्वाधीन केले. शिवाय नदीला भूगोलही आहे. चुंगकिंग हे यांगत्से नदीच्या वरच्या अंगास आहे, शांघाय तिच्या मुखाजवळ, आणि सूफन ज्या ह्वांगपूत प्राण देते ती नदी यांगत्सेलाच जाऊन मिळते. विजयानंतर सत्ता आणि संपत्ती ह्याच नदीच्या दिशेने पश्चिमेकडून पूर्वेकडे आली. शीर्षकातील पूर्वेकडे वाहणारे पाणी ह्या अर्थानेही वाचता येते. दुःखाचा प्रवाह आणि सत्तेचा प्रवाह एकाच दिशेने वाहतात, आणि दोन्ही ज्या ठिकाणी येऊन मिळतात तेथे सूफन उभी असते.

६

ह्या बोलपटावर घेता येण्याजोगे आक्षेप क्षुल्लक नाहीत. पहिला आक्षेप स्त्रीचित्रणाविषयीचा. पुरुषाच्या आणि राजवटीच्या अधःपाताचे खापर दोन विलासी स्त्रियांवर फोडले जाते आणि सद्गुण मात्र सहन करणाऱ्या, मरणाऱ्या स्त्रीच्या ठायी साठविला जातो. भ्रष्टाचाराचा खरा सूत्रधार जो पांग हावगोंग, तो कथेच्या कडेला सुरक्षित राहतो. हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागतो. दुसरा आक्षेप झोंगमिनच्या उपकथानकाविषयीचा. गनिमी प्रदेशातील जीवन धावते आणि आदर्शीकृत आहे. तेथील संघर्षास शांघायच्या दृश्यांतील सूक्ष्मता लाभलेली नाही. कुओमिंतांग सरकारच्या परिनिरीक्षण-मंडळाच्या अमलाखाली काम करताना त्या प्रदेशाचे राजकीय नाव उघड घेता येणे शक्य नव्हते, हे त्याचे एक कारण. तरीही कलादृष्ट्या ती पोकळी जाणवतेच.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. इतक्या अश्रूंनंतर प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो आणि विचार मागे पडतो, असा तो आक्षेप. ह्याला बोलपटाच्या शेवटातच उत्तर आहे. शोकाचे विरेचन व्हावयाचे तर शोकास काही तरी पूर्णता लागते. अपराध्यास दंड, निदान पश्चात्तापाचा उच्चार तरी लागतो. येथे माता आकाशाला प्रश्न विचारते, आकाश उत्तर देत नाही आणि पाणी वाहत राहते. प्रश्न तसाच उघडा ठेवून प्रेक्षकास बाहेर सोडलेले आहे.

ह्या संदर्भात मराठी वाचकास जवळची असलेली एक तुलना उद्बोधक ठरते. ह्याच युद्धात भारताने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले होते. त्यातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा हिंदी बोलपट काढला. अब्बास यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकाचा आशय ‘एक जण परतला नाही’ असा आहे. शुश्रूषापथकाबरोबर घर सोडून गेलेला पुरुष दोन्ही बोलपटांत आहे. शांतारामांच्या बोलपटात तो परतत नाही आणि अमर होतो. शांघायच्या बोलपटात तो परततो, आणि तेच सर्वांत मोठे अरिष्ट ठरते. दुरून पाहणाऱ्या मित्रराष्ट्राला त्यागाची कथा सांगता आली. ज्यांच्या अंगणात युद्ध झाले त्यांना विजयानंतरच्या सकाळचा हिशेब मांडावा लागला. दोन्ही कथा खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

७

वारशाचा विचार करताना प्रथम ह्या बोलपटाच्या आगेमागे असलेल्या कलाकृती पाहिल्या पाहिजेत. त्साय चूशंग याने १९३४ साली ‘कोळ्यांचे गीत’ हा चित्रपट केला होता. तो शांघायमध्ये ८४ दिवस चालला आणि पुढील वर्षी मॉस्कोच्या चित्रपट-महोत्सवात त्याचा गौरव झाला. सामाजिक आशय लोकप्रिय भावनाट्याच्या साच्यातून सांगण्याची त्याची रीत तेव्हापासूनची आहे. ज्या संस्थेने १९४७ चा बोलपट काढला तिची वाटचालही अशीच होती. युद्धातून परतलेल्या पुरोगामी कलावंतांनी ल्यानह्वा चित्रपट-मंडळ उभारले आणि त्याचेच पुढे कुनलुन ह्या कंपनीत रूपांतर झाले. ह्याच कंपनीसाठी झंग जुनली याने १९४९ साली ‘कावळे आणि चिमण्या’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तेथे एकाच घरातील भाडेकरू मिळून घरबळकावू अधिकाऱ्याचा प्रतिकार करतात. सूफनच्या कथेत रिकामे राहिलेले न्यायासन जणू येथे शेजाऱ्यांनी मिळून व्यापले.

ह्या परंपरेच्या शेजारी फेई मू याचा ‘लहान गावातील वसंत’ (१९४८) ठेवून पाहावा. युद्धानंतरच्या भग्न घरातील पाच माणसांची ती मितभाषी कथा आहे. पुढील काळात अभ्यासकांचे प्रेम तिला अधिक लाभले. हाँगकाँगमध्ये २००५ साली तयार झालेल्या शंभर सर्वोत्तम चिनी चित्रपटांच्या यादीत तिला पहिला क्रमांक मिळाला. एक मार्ग बोलक्या आक्रोशाचा, दुसरा न बोललेल्या वासनेचा. चिनी बोलपटाचा त्या दशकातील श्रेष्ठपणा ह्या दोन्ही मार्गांनी सिद्ध होतो, आणि एकाच्या मापाने दुसरा मोजणे अन्यायाचे होईल.

१९४९ नंतर त्साय-झंग यांच्या मार्गावर अडचणी आल्या. झंग जुनली याने १९५१ साली क्रांतीनंतर शहरात आलेल्या एका जोडप्याच्या कलहावर ‘आम्ही पतिपत्नी’ हा बोलपट केला. सत्ता हाती आल्यावर घरात काय घडते, हाच प्रश्न त्याने नव्या राजवटीपुढे मांडला होता. त्यावर कठोर टीका झाली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ह्या बोलपटाच्या निर्मात्यांवर जे ओढवले ते वाचताना मन विषण्ण होते. त्साय चूशंग १९६८ साली छळ सोशीत मरण पावला. त्याच वर्षी शांगग्वान युनजू हिने आत्महत्या केली. शू श्यूवन व झंग जुनली १९६९ साली गेले. झंगचा अंत कारावासात झाला. बाय यांग कारावास भोगून वाचली आणि १९९६ पर्यंत जगली. पडद्यावर ज्यांनी न्यायाधीश नसलेले जग दाखविले, त्यांच्या स्वतःच्या खटल्यातही न्यायासन रिकामेच राहिले.

नंतरच्या पिढीत श्ये जिन याने ही परंपरा उघडपणे चालविली. ‘फूरोंग गाव’ (१९८६) ह्या त्याच्या चित्रपटात सांस्कृतिक क्रांतीच्या अत्याचारांची कथा पुन्हा एका कष्टाळू स्त्रीच्या संसारातून सांगितली आहे. त्याच वर्षी शांघायच्या वृत्तपत्रांतून त्याच्या पद्धतीवर मोठा वाद झाला. ही पद्धत प्रेक्षकास रडवून जुन्या नीतिकल्पनांत परत नेते, असा टीकाकारांचा रोख होता. एक भेद मात्र येथे नोंदविला पाहिजे. ‘फूरोंग गाव’मध्ये अखेर पती परततो आणि घर पुन्हा उभे राहते, जुन्या नाटकांतील पुनर्मीलन तेथे परत आले आहे. १९४७ च्या बोलपटाने ते नाकारले होते. भावनाट्य म्हटले की सांत्वन आलेच, हे समीकरण त्यामुळे पुन्हा तपासावे लागते. २००५ साली ह्या कथेवर दूरचित्रवाणी-मालिकाही निघाली, यावरून कथेचे आकर्षण ओसरलेले नाही एवढे दिसते.

ह्या बोलपटाचे मोल ठरविताना त्याच्या अश्रूंची लाज बाळगण्याचे कारण नाही. युद्धाचा इतिहास लढाया, तह आणि तारखा यांत लिहिला जातो. मागे राहिलेल्या, शस्त्र न उचललेल्या, केवळ वाट पाहत राहिलेल्या माणसांची नोंद त्यात सहसा होत नाही, कारण त्यांनी ‘काही केले’ असे दाखविता येत नाही. सूफनने आठ वर्षे एक म्हातारी आणि एक मूल जिवंत ठेवले. त्या कृत्याची दखल घेणारी संस्था १९४७ च्या चीनमध्ये अस्तित्वात नव्हती, म्हणून दोन दिग्दर्शकांनी ते काम चित्रपटगृहावर सोपविले. बोलपट संपतो तेव्हा पडद्यावर नदी वाहत असते. मातेने आकाशाला विचारलेला प्रश्न मात्र अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपुढे उभा राहतो.